वाचक विचारतात : समुद्रातला बोया ओळखायचा कसा?

सोलापुरातून समुद्र दिसत नाही, पण या महिन्याच्या टपालात समुद्राचीच पत्रं जास्त निघाली. बारावीनंतर मर्चंट नेव्हीची चौकशी करणारे पालक, अलिबागची सहल करून आलेली मंडळी आणि उजनीच्या काठावरचा एक मच्छीमार, सगळ्यांचे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात : बोया. बोया म्हणजे तळाशी वजन टाकून साखळीने बांधलेली तरंगती खूण. दिवसा रंग, आकार आणि माथ्यावरच्या चिन्हावरून तो ओळखायचा, रात्री दिव्यावरून. माथ्यावरच्या चिन्हाला जहाजावर सगळे टॉपमार्कच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : मुलगा नॉटिकल सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. काळ्या-पिवळ्या चार बोयांचे रंग, शंकू आणि दिवे त्याला काही केल्या लक्षात राहत नाहीत. पाठ करायची काही युक्ती आहे का? (अ. कु., जुळे सोलापूर)

पाठ करायचंच नाही. पाठ केलेलं रात्री दोनच्या वॉचला, म्हणजे जहाजावरच्या पहाऱ्याच्या पाळीला, आठवत नाही. दोन-तीन गोष्टी धरून ठेवल्या की बाकीचं बसल्या जागी काढता येतं.

या चौघांना कार्डिनल म्हणतात : उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. बोयाचं जे नाव, त्या बाजूला सुरक्षित पाणी. उत्तर कार्डिनल दिसला की त्याच्या उत्तरेकडून जायचं, कारण खडक किंवा वाळूचा दांडा त्याच्या दक्षिणेला आहे. पहिली चूक इथेच होते. बऱ्याच मुलांना वाटतं, उत्तर बोया म्हणजे धोका उत्तरेला. नेमकं उलट. आणि होकायंत्राकडे न बघता कार्डिनलचा उपयोग शून्य, कारण उत्तर कुठे आहे हेच माहीत नसेल तर बोयाने सांगून काय होणार?

आता टॉपमार्क. माथ्यावर दोन काळे शंकू, एकावर एक. नकाशात उत्तर वर असते, म्हणून उत्तर बोयाची दोन्ही टोकं वर. दक्षिणेची दोन्ही खाली. पश्चिमेला टोकाला टोक भिडलेलं, म्हणजे सरळ डमरू. उरला पूर्व, तिथे बुडाला बूड.

रंग वेगळे लक्षात ठेवू नका. शंकूचं टोक जिकडे, तिकडे काळा रंग. उत्तरेची टोकं वर, म्हणून वर काळा आणि खाली पिवळा. दक्षिणेची खाली, म्हणून वर पिवळा आणि खाली काळा. पूर्वेचं एक टोक वर, एक खाली, म्हणून दोन्ही टोकांना काळा आणि मध्ये पिवळा पट्टा. डमरूची टोकं मध्यावर, म्हणून पश्चिमेला मध्ये काळा, वर-खाली पिवळा.

दिवे घड्याळावर बसवा. चारही कार्डिनलचा दिवा पांढरा आणि भराभर उघडझाप करणारा. पूर्व म्हणजे तीनचा आकडा : तीन फ्लॅश. दक्षिण म्हणजे सहा : सहा फ्लॅश आणि त्यांच्या पाठोपाठ एक लांब. पश्चिम म्हणजे नऊ : नऊ फ्लॅश. उत्तर बाराच्या जागी, तिथे मोजायचं काही नाही, दिवा न थांबता उघडझाप करत राहतो.

दक्षिणेलाच तो लांब फ्लॅश का, हे मुलाला समजावून सांगा, म्हणजे तो विसरणार नाही. लाटेवर हलणाऱ्या बोटीतून हलणाऱ्या बोयाचे फ्लॅश मोजताना एक-दोन सुटतातच. नवाचे सात दिसले तर ते सहा की नऊ? ही शंका उरू नये म्हणून सहाच्या मागे किमान २ सेकंदांचा लांब फ्लॅश जोडला आहे. लांब दिसला तर दक्षिण. आकडा चुकला तरी चालेल.

वेग दोन प्रकारचे असतात. क्विक म्हणजे मिनिटाला ५० किंवा ६० फ्लॅश, व्हेरी क्विक म्हणजे १०० किंवा १२०. त्यावरून पूर्ण चक्राचा काळ ठरतो. पूर्वेला व्हेरी क्विक असेल तर दर ५ सेकंदांनी तीन, क्विक असेल तर दर १० सेकंदांनी. दक्षिणेला १० किंवा १५, पश्चिमेलाही १० किंवा १५. एकाच भागात एकाच जातीचे दोन बोये असले तर एकाला क्विक, दुसऱ्याला व्हेरी क्विक देता येतो आणि गफलत टळते.

मुलाला रोज कोऱ्या कागदावर फक्त शंकूंच्या चार जोड्या काढायला सांगा. रंग आणि दिवे त्यावरून त्याने स्वतः काढायचे. आठवडाभरात बसेल.

प्रश्न : गेटवेहून मांडव्याला जाताना लाल बोया एकदा डावीकडे दिसला, मग थोड्या वेळाने हिरवा. पुस्तकात तर "लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे" असं वाचलं होतं. लाँचवाला चुकीच्या बाजूने नेत होता का? (एक वाचक, होटगी रस्ता)

अजिबात नाही. पुस्तकातलं वाक्य अर्धं आहे. पूर्ण वाक्य असं : समुद्राकडून बंदरात येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. बाहेर जाताना उलटं. आणि तुमची लाँच या दोन्हींपैकी काहीच करत नव्हती, ती मोठ्या जहाजांचा मार्ग आडवा ओलांडत होती.

मुंबई बंदराचा मुख्य मार्ग ढोबळमानाने नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे आत येतो. आत येणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला मुंबई, उजव्या हाताला रायगडचा किनारा. म्हणजे लाल बोयांची रांग मुंबईच्या अंगाला आणि हिरव्यांची मांडव्याच्या अंगाला पडते. गेटवेहून निघालात की आधी लाल रांग लागते, ती ओलांडून मार्गात शिरता, मग हिरवी लागते आणि मार्ग सुटतो. बोयांच्या त्या दोन रांगांमध्ये असताना तुम्ही मोठ्या जहाजांच्या रस्त्यावर असता. लाँचचे तांडेल तिथे दोन्हीकडे बघत का असतात, ते यावरून कळेल.

लाल बोया डब्याच्या आकाराचा, त्याचा टॉपमार्कही लाल डबा. हिरवा शंकूच्या आकाराचा, टॉपमार्क टोक वर केलेला हिरवा शंकू. लालला लाल दिवा, हिरव्याला हिरवा. दिव्याची लय कोणतीही चालते, फक्त एक सोडून : दोन फ्लॅश, छोटा खंड, एक फ्लॅश. ही "दोन अधिक एक" लय फाट्यावरच्या बोयासाठी राखून ठेवली आहे. जिथे मार्गाला दोन फाटे फुटतात तिथे लाल बोयावर हिरवा आडवा पट्टा किंवा हिरव्यावर लाल पट्टा असतो. नियम सोपा : पट्टा विसरा, मूळ रंग बघा आणि मुख्य मार्गासाठी त्याला साध्या लाल किंवा हिरव्या बोयासारखंच वागवा. लालवर हिरवा पट्टा असेल तर त्याला डावीकडे ठेवून मुख्य मार्ग पकडायचा.

आकडेही वाचा. क्रमांक समुद्राकडून सुरू होतात, लालवर सम आणि हिरव्यावर विषम, असा संकेत आहे. आकडा वाढतोय म्हणजे तुम्ही आत चालला आहात.

नात्यातलं कोणी अमेरिकेत असेल तर वाद होऊ नये म्हणून सांगून ठेवतो : उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स इथे हे रंग उलटे आहेत. आत येताना लाल उजवीकडे. डबा आणि शंकू मात्र आपापल्या बाजूला तसेच राहतात, फक्त रंग बदलतात. भारतासह बाकीचं जग "ए" विभागात, ते सगळे "बी" विभागात. कार्डिनल आणि इतर बोये दोन्हीकडे सारखेच.

प्रश्न : सागरी नकाशावर बोयाशेजारी छोट्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते कसं वाचायचं? आणि ते रात्री ताडून कसं बघायचं? (नि. शि., बार्शी)

उदाहरण घेऊ. नकाशावर बोयाजवळ "एफएल (२) आर १० एस ५ एम" अशी इंग्रजी अक्षरं आहेत. एफएल म्हणजे फ्लॅशिंग : उजेडाचा काळ अंधारापेक्षा कमी. (२) म्हणजे दोनचा गट. आर म्हणजे लाल. १० एस म्हणजे पूर्ण चक्र १० सेकंदांचं. ५ एम म्हणजे ठरावीक स्वच्छ हवेत दिवा ५ सागरी मैलांवरून दिसावा. रंगाचं अक्षर नसेल तर दिवा पांढरा समजायचा, ही गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते.

एफएलखेरीज आणखी तीन लयी वारंवार भेटतात. "ओसी" : उजेड जास्त, अंधार कमी, म्हणजे दिवा मधूनच मिटतो. "आयएसओ" : उजेड आणि अंधार समसमान. "एल-एफएल" : लांब फ्लॅश. क्विक आणि व्हेरी क्विक वर येऊन गेले.

आता मोजणं. सगळ्यात आधी नकाशा बघून कोणता बोया कुठल्या बाजूला दिसायला हवा ते ठरवा, मग तो शोधा. दिवा दिसला की मग नकाशात त्याच्यासारखा शोधायचा, ही उलटी पद्धत धोक्याची. माणसाला हवा तो बोया दिसतोच. समुद्रावर बोये चुकतात ते डोळ्यांच्या दोषामुळे कमी आणि या घाईमुळे जास्त.

दिवा सापडला की स्टॉपवॉच घ्या. लांब अंधारानंतर जो पहिला फ्लॅश येतो, त्याच्या सुरुवातीला बटण दाबा. तीन चक्रं जाऊ द्या आणि चौथ्या चक्राच्या पहिल्या फ्लॅशच्या सुरुवातीला थांबवा. ३०.४ सेकंद आले तर तिनाने भागून १० सेकंदांचं चक्र. एकाच चक्रावर विश्वास ठेवू नका. बरेच जण फक्त अंधाराचा काळ मोजतात आणि १० च्या जागी ७ आले म्हणून गोंधळतात. तोंडाने सेकंद मोजणं तर सोडूनच द्या, घाबरलेला माणूस भरभर मोजतो.

गटातले फ्लॅश मोजताना तीन-चार चक्रं बघा आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा खरा धरा. लाट फ्लॅश लपवते, जास्तीचा तयार करत नाही. अपवाद एकच : त्याच रेषेत मागे दुसरा बोया असेल तर दोघांचे मिसळून दिसतात. मग बोट थोडी पुढे गेली की ते सुटे होतात.

रंगाच्या बाबतीत दोन खोडी. धुरकट हवेत क्षितिजाजवळचा पांढरा दिवा तांबूस किंवा पिवळसर दिसतो. आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या, मोबाइल टॉवरच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर लाल-हिरवा बोया हरवून जातो. म्हणून रंग, लय आणि काळ, तिन्ही जुळल्याशिवाय "हाच तो" म्हणायचं नाही.

दिवा किती लांबून दिसेल याचा भूगोलही आहे. दिव्याची उंची आणि तुमच्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, २.०८ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. बोयाचा दिवा पाण्यापासून ४ मीटर आणि डोळा १.५ मीटर असेल तर २ अधिक १.२२ गुणिले २.०८, म्हणजे सुमारे ६.७ मैल. ही झाली पृथ्वीच्या गोलाईची मर्यादा. नकाशावर ५ लिहिलं असेल तर दिव्याची ताकद ५ ची, म्हणून लहान आकडा धरायचा.

सराव गच्चीवर करता येतो. एकाने मोबाइलच्या टॉर्चवर लाल किंवा हिरवा जिलेटीन कागद लावायचा आणि चिठ्ठीवर लिहिलेली लय हाताने झाकून-उघडून दाखवायची. दुसऱ्याने शेजारच्या गच्चीवरून स्टॉपवॉच लावून ओळखायची. आधी वीसेक मिनिटं अंधारात बसा, मोबाइलचा पडदा बघू नका. एकदा पडद्याकडे पाहिलं की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा तयार व्हायला तेवढाच वेळ घेतात. जहाजाच्या नकाशाच्या टेबलावर मंद लाल दिवा असतो तो याचसाठी.

प्रश्न : एक गोळा आणि दोन गोळे यांत फरक काय? दोन्हींचे दिवे पांढरेच असतात ना? (स. दे., अशोक चौक)

फरक जिवावरचा आहे. एक लाल गोळा, अंगावर लाल-पांढरे उभे पट्टे : चहूबाजूंनी सुरक्षित पाणी. बंदराच्या तोंडाशी बाहेर हा बोया असतो, जहाजं इथून आत वळतात. दोन काळे गोळे, अंग काळं आणि त्यावर लाल आडवे पट्टे : बोयाच्या खाली किंवा अगदी जवळ एकांडा धोका, भोवती मात्र पाणी आहे. रात्री दोन गोळ्यांचे दोन फ्लॅश, हे मनात बसवा. सुरक्षित पाण्याचा दिवा शांत असतो : समसमान उघडझाप, मधूनच मिटणारा, दर १० सेकंदांनी एक लांब फ्लॅश, किंवा मोर्सचा "ए" म्हणजे एक छोटा-एक लांब.

प्रश्न : दिवसा तर रंग दिसतोच. मग डबा, शंकू, टॉपमार्क हे सगळं कशाला? (प्रा. वि. ज., अक्कलकोट)

कारण रंग दिसत नाही. सूर्य बोयाच्या मागे असला की लाल, हिरवा, काळा, सगळे सारखेच काळपट दिसतात. ऊन आणि खारं पाणी खाऊन लाल रंग विटतो, तपकिरी होतो. पाणकावळे आणि कुरव टॉपमार्कवर बसून बसून काळा शंकू पांढरा करून टाकतात, हे बंदरात सर्रास बघायला मिळतं. अशा वेळी आकार उरतो. डबा सपाट माथ्याचा, शंकू टोकदार, हे उन्हाकडे तोंड करूनही कळतं.

अडचण येते खांबासारख्या उंच बोयांची. कार्डिनल, एकांडा धोका हे बहुधा अशा आकाराचे असतात आणि तिथे अंगाच्या आकारावरून काहीच समजत नाही. म्हणून टॉपमार्क मोठा ठेवतात. तरीही लांबून दोन शंकू एकात मिसळतात. ७ बाय ५० ची दुर्बीण लावा, त्याहून जास्त पटीची हातात हलत्या बोटीत स्थिर राहत नाही. दोन शंकूंमध्ये मोकळी जागा शोधा, ती दिसली की टोकं कुठे आहेत ते कळतं. टॉपमार्क मोडलेला असू शकतो. जहाज घासलं की पहिला तोच जातो. म्हणून टॉपमार्क नाही म्हणजे बोया निरुपयोगी असं नाही. रंगाच्या पट्ट्यांची मांडणी बघा, क्रमांक वाचा, नकाशाशी ताडा.

पिवळा बोया आणि माथ्यावर पिवळी फुली दिसली तर तो विशेष कामाचा : पाण्याखालच्या केबल, पाइपलाइन, मोजमापाची यंत्रं, सरावाची क्षेत्रं. त्यातला अर्थ नकाशातच लिहिलेला असतो.

प्रश्न : उजनीच्या पाण्यात आमच्या काठाजवळ जुन्या भिंती आणि झाडांचे बुंधे बुडालेले आहेत. होड्या आपटतात. रिकामं पिंप बांधून खूण केली तर चालेल का? (एक मच्छीमार, करमाळा तालुका)

आधी परवानगी. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे, तिथे लेखी विचारल्याशिवाय काही टाकू नका. परवानगी मिळाली तर खुणेची भाषा समुद्रातलीच वापरा, नवी बनवू नका. भिंतीच्या चहूबाजूंनी होडी जाण्याइतकं पाणी असेल तर काळं अंग, लाल आडवा पट्टा आणि दोन काळे गोळे.

बांधणीत चुका तिथेच होतात जिथे कोणी हिशेब करत नाही. काँक्रीटचा ठोकळा पाण्यात बुडाला की हलका होतो. १०० किलोचा ठोकळा पाण्यात जेमतेम ५८ किलोचा जोर देतो, म्हणून वजन ठरवताना जमिनीवरचा आकडा धरू नका. निळी किंवा पिवळी प्लास्टिकची दोरी, पॉलिप्रॉपिलीनची, पाण्यावर तरंगते आणि होडीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकते. बुडणारी नायलॉन दोरी किंवा साखळी घ्या. पिंपाच्या खालच्या बाजूला वजन नसेल तर वरचा खांब आडवा पडतो आणि टॉपमार्क पाण्यात जातो.

आता धरणाची खरी गोम : पातळी. समजा पाणी भरलेलं असताना खोली १२ मीटर आहे आणि साखळी १५ मीटर. वाऱ्याने ओढल्यावर पिंप जागेपासून ९ मीटर भटकतं. हेच पाणी उन्हाळ्यात ४ मीटरवर आलं की साखळी सैल पडते आणि पिंप १४ मीटरांहून जास्त भटकतं. साखळी आखूड केली तर पावसाळ्यात पाणी वाढून पिंपच बुडतं. म्हणून साखळी सर्वोच्च पातळीवर ठरवायची आणि उन्हाळ्यात खूण किती सरकते हे गावातल्या प्रत्येक होडीवाल्याला सांगून ठेवायचं. ठोकळा बुंध्यांच्या आत टाकू नका, साखळी गुंतून आखूड होते.

समुद्रातही हेच. उथळ पाण्यात साखळी ढोबळमानाने खोलीच्या तिप्पट ठेवतात आणि मुंबईत उधाणाला पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं, म्हणून ओहोटीला बोया जास्त फिरतो. बोया म्हणजे रोवलेला खांब नव्हे. त्याच्यावरून आपली जागा इंचाइंचाने ठरवणारा कधीतरी खडकावर बसतो.

प्रश्न : निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा बोया चित्रात पाहिला. तो जुन्या पुस्तकांत नाही. (म. गा., सात रस्ता)

बरोबर, तो नवा आहे. ताज्या बुडालेल्या जहाजाची तातडीची खूण. दिवा निळा १ सेकंद, अंधार अर्धा सेकंद, पिवळा १ सेकंद, पुन्हा अर्धा सेकंद अंधार. टॉपमार्क पिवळा, अधिक चिन्हासारखा उभा क्रॉस. पिवळी फुली आणि हा क्रॉस यांत गल्लत करू नका.

त्यामागे इंग्लिश खाडीतले अपघात आहेत. १९७१ साली "टेक्साको कॅरिबियन" बुडालं, त्याच्या अवशेषांवर "ब्रँडेनबर्ग" आदळून बुडालं आणि काही आठवड्यांनी "निकी"ही. ५१ माणसं गेली. त्या काळात जगात तिसाहून अधिक बोया-पद्धती होत्या आणि काही एकमेकींच्या उलट्या. या धक्क्यातून पुढे एकच पद्धत आली, १९८० मध्ये तिच्यावर एकमत झालं. पण १४ डिसेंबर २००२ ला मोटारींनी भरलेलं "ट्रायकलर" धुक्यात टक्कर होऊन त्याच भागात बुडालं आणि पहारा असूनही दोनच दिवसांनी "निकोला" व १ जानेवारी २००३ ला "विकी" हा टँकर त्याच्यावर चढला. सुदैवाने माणसं वाचली. काळ्या-पिवळ्याच्या गर्दीत नव्या अवशेषाची खूण लगेच वेगळी दिसत नाही, हे तेव्हा पटलं आणि निळा-पिवळा बोया आला. २०१० च्या सुधारणेत तो पद्धतीत कायमचा घेतला.

प्रश्न : मोबाइलवर जहाजं दाखवणाऱ्या ॲपमध्ये किनाऱ्याजवळ एक बोया दिसतो, पण तिथे गेलेला मित्र म्हणतो तिथे काहीच नाही. (रो. मा., पंढरपूर)

मित्र आणि ॲप, दोघंही बरोबर असू शकतात. काही खुणा फक्त रेडिओवर असतात. किनाऱ्यावरचं केंद्र एआयएसवरून, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा ज्या रेडिओ यंत्रणेवर आपोआप कळवतात तिच्यावरून, संदेश पाठवतं की अमुक अक्षांश-रेखांशावर अमुक खूण समजा. पाण्यात काहीच नसतं, जहाजाच्या पडद्यावर मात्र ती उमटते. नकाशावर अशा जागी "व्ही-एआयएस" छापलेलं असतं. ॲपमध्ये तिचा नऊ आकडी क्रमांक बघा : अशा खुणांचा क्रमांक ९९ ने सुरू होतो आणि भारतातल्यांचा ९९४१९ ने. जहाजाचा क्रमांक असा नसतो.

दुसरी शक्यता : बोया खरा होता, पण सुटून गेला. पावसाळ्यात साखळ्या तुटतात. अशा बदलांची माहिती डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या सूचनांमध्ये येते, फुकटच्या ॲपमध्ये येईलच असं नाही.

प्रश्न : मुलाला लाल-हिरव्यात थोडा गोंधळ होतो. पण दिव्याची लय तर मोजून ओळखता येते. डेक ऑफिसर व्हायला तेवढं पुरेल का? (एक पालक, विजापूर रस्ता)

नाही पुरणार. कार्डिनल, एक गोळा, दोन गोळे हे पांढऱ्या दिव्यांचे, तिथे लय पुरते. पण मार्गाच्या डाव्या-उजव्या बोयांना रात्री वेगळं करतो तो फक्त रंग. दोन्हींवर तीच लय असू शकते. जहाजांचे बाजूचे दिवेही तसेच : डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, दोन्ही स्थिर जळणारे. तिथे मोजायला काही नसतंच. समोरून येणारं जहाज कुठे वळतंय हे त्याच्यावरून ठरतं.

म्हणून क्लासची किंवा कॉलेजची फी भरण्याआधी डोळे तपासा. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांची चाचणी सोलापुरातल्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे होते. त्यात अडखळला तर डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून पक्कं करून घ्या. एजंट "ते नंतर मॅनेज होतं" म्हणाला तर त्याच्याकडून उठून या.